साध्या कप्प्याचं वजन

रंगपंचमीनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, धारहून नालछ्याला जाणाऱ्या रस्त्यावर तुकोजीराव शितोळ्यांच्या फार्मवर डुकराच्या पिलांची वजनं झाली. उजव्या कप्प्यातली पिलं डाव्या कप्प्यातल्या पिलांपेक्षा जड भरली. साल २००६.

योगेंद्र किरकिरे याने काटा तपासला. मग तो स्वतः काट्यावर उभा राहिला. काटा बरोबर होता. त्याचं स्वतःचं वजन मात्र महिनाभरात दोन किलोंनी उतरलं होतं.

"वाढली ना पिलं?" तुकोजीराव म्हणाले. "मग तोंड कशाला पाडून राहिला भिया?"

"चुकीची वाढली."

"डुकरं चुकीची वाढतात? पहिल्यांदा ऐकलं."

योगेंद्र महूला जनावरांची डॉक्टरी शिकला होता आणि देवासच्या औद्योगिक वसाहतीत एका पशुखाद्य कंपनीत प्रोबेशनवर होता. डुकराची पिलं आईपासून तोडली की त्यांची पोटं बिघडतात. आजवरचा उपाय सोपा होता: खाद्यातच थोडं थोडं अँटिबायोटिक घालायचं. पोट धरतं, वजनही वाढतं. पण जंतूंनाही औषधाची सवय होते, आणि पुढे माणूस आजारी पडला की तेच औषध हात टेकतं. म्हणून त्या जानेवारीपासून युरोपात वाढीसाठी असं औषध चारायला बंदी आली होती. आज तिकडे आलं ते उद्या इकडे येणार, हे ओळखून कंपनीने अँटिबायोटिकच्या जागी घालायची एक पूड तयार केली होती.

ती चालते की नाही हे बघायचं काम योगेंद्रकडे होतं. एकाच वयाची पिलं, शेजारी शेजारी दोन कप्पे, एकच खाद्य. डाव्या कप्प्याला खाद्यात पूड. उजव्याला साधं खाद्य, दुसरं काही नाही. डावी पिलं जड भरली की पूड बाजारात आणि योगेंद्र परमनंट, असं त्याचे साहेब चौरसिया म्हणाले होते.

"और नहीं भरी तो?" योगेंद्रने विचारलं होतं.

चौरसियांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर इंदूरची बस उभी होती, योगेंद्रला घरी जायला लागायची ती.

घरी, धारमध्ये, आईने म्हणजे माईने मुली बघायचं थांबवलं होतं. 'कच्च्या नोकरीला पक्की सून कोण देईल' हे तिचं म्हणणं होतं.

तेव्हा प्रश्न असा होता की उजव्या कप्प्याने काय खाल्लं. पिलांना रोज खाद्य घालणारा नानसिंग होळीआधीच्या आठवड्यात भगोरियाच्या, म्हणजे भिलांच्या मोठ्या मेळ्याला गेला होता, आणि तो जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. भगोरियाला जाऊ नको म्हणून सांगणारा माणूस त्या भागात अजून जन्माला आलेला नाही. नेमकं त्याच दिवसांत योगेंद्रला देवासला बोलावणं आलं. तुकोजीरावांची धारमध्ये ट्रॅक्टरची एजन्सी होती, ते फार्मवर संध्याकाळी येत.

"त्या दिवसांत इथे आणखी कुणी आलं होतं, काका?"

तुकोजीरावांनी पगडी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "आणखी कोण? तूच तर पाठवलं होतंस ना यार. बापूंना."

बापू म्हणजे योगेंद्रचे वडील, मार्तंडराव किरकिरे. त्यांचे आजोबा धार संस्थानच्या मुदपाकखान्यावर कारभारी होते. संस्थान गेलं, मुदपाकखाना गेला, पण धारमधल्या मराठी मंडळींच्या कोणत्याही कार्यात पंगतीवर नजर ठेवायला बापूच उभे राहत. पंक्तिभेद, म्हणजे एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं, हे त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठं पाप होतं. एका मुंजीत वाढप्याने कुण्या बड्या पाहुण्याच्या पानात श्रीखंडाचा जास्तीचा डाव टाकला. बापूंनी पंगत थांबवली आणि सगळ्या पानांवर एकेक डाव जास्तीचा फिरवला. शेवटच्या पंगतीला श्रीखंड उरलं नाही. तेव्हा बापूंनी पहिल्या पंगतीच्या वतीने त्या मंडळींची माफी मागितली आणि स्वतः ताकभात खाल्ला.

योगेंद्रने अशा माणसाला दोन कप्प्यांपुढे उभं केलं होतं, आणि बजावलं होतं: "बापू, काही झालं तरी पूड उजवीकडे जाता कामा नये. एक चिमूटसुद्धा नाही."

"नाही जायची," बापू म्हणाले होते.

मंगळवारी दुपारी योगेंद्र धारला पोचला तेव्हा बापू ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते.

"बापू, उजवीकडे पूड घातलीत?"

"शब्द दिला होता. एक चिमूट नाही."

"मग काय घातलंत?"

"ताक."

आतून माई म्हणाली, "नुसतं नाही हो. ओवा, सुंठ, लसूण वाटून. आणि हिंग."

योगेंद्र पायरीवर बसला.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी बापू सकाळच्या बसने गेले, दोन्हीकडे सांगितल्याप्रमाणे वाढलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की डावीकडची मंडळी, ते डुकरं हा शब्द उच्चारत नसत, तुकतुकीत आहेत आणि उजवीकडची मागून खराब झालेली आहेत. मधल्या जाळीतून उजवी मंडळी डावीकडच्या घमेल्यात बघत होती. बापू तसेच परत आले आणि माईसमोर उभे राहिले.

"थोडं ताक मिळेल का?"

"कुणाला?"

"लेकरांचं पोट बिघडलंय."

"कुणाची लेकरं?"

"नुकती दूध तुटलेली आहेत. महिन्याचीसुद्धा नाहीत."

"महिन्याच्या आत तोडली?" माई कडाडली. "कोण ती बया?"

"बयेचा दोष नाही. कंपनीने तोडली."

माईला कळायचं ते कळलं. डुकरांसाठी आपल्या घरातलं ताक जाणार नाही, असं तिने सांगितलं, आणि ते सांगता सांगता ओवा निवडायला घेतला. डबा मात्र वेगळा ठेवायचा आणि बापूंनी परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, या दोन अटी तिने घातल्या. दोन्ही पाळल्या गेल्या. दोन दिवसांनी घरचं ताक पुरेना, तेव्हा शेजारच्या आळीतून आणलं. कशासाठी हे कुणाला सांगितलं नाही. मागणारे बापू आहेत म्हटल्यावर कुठेतरी समाराधना असेल असं समजून लोकांनी लोणी न काढता दिलं.

"बापू, त्यांना काहीच द्यायचं नव्हतं. तोच तर प्रयोग होता!"

"का द्यायचं नव्हतं?"

"पुडीने किती फरक पडतो ते कळायला. एका कप्प्याला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, तरच कळतं ना?"

"म्हणजे दुसऱ्याने तुझ्या कळण्यासाठी हगायचं."

"फार आजारी पडली असती तर मी इंजेक्शन दिलं असतं. तसा नियम आहे. आणि बापू, आज ही थोडी पिलं कळ काढतील, पण उद्या हजारो पिलांना त्या औषधाशिवाय जगवता येईल. माणसांचंही भलं आहे त्यात."

बापूंनी वर्तमानपत्राची घडी केली. मुलगा खोटं बोलत नव्हता, हे त्यांना दिसत होतं.

"तुझं खरं असेल," ते म्हणाले. "तुझं शास्त्र कळून घ्यायला चांगलं आहे. वाढायला उभं राहिलं की ते हातात येत नाही, त्याला मी काय करू?"

योगेंद्रला राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता, याचाच त्याला राग आला.

बुधवारी त्याने देवासला जाऊन सगळं खरं सांगितलं. चौरसियांनी चष्मा काढला.

"छाछ?"

"जी सर."

"अपनी पुड़िया में क्या क्या है, बोलो जरा."

"आंबटपणासाठी अ‍ॅसिड, दह्यातले असतात तसे जंतू, ओव्याचं तेल, लसणाचा अर्क."

"तो अपनी पुड़िया और तुम्हारी माताजी की छाछ में फरक क्या है?"

"सर, छाछ में हींग भी है."

चौरसिया उठून पंख्याखाली उभे राहिले. कंपनीच्या प्रयोगशाळेने त्या पुडीवर बरीच वर्षं घालवली होती. माईने वाटण सकाळच्या पूजेआधी केलं होतं.

"एक बात बताओ. ये बताना जरूरी था? बोल देते कि काटा खराब था."

"काटा बरोबर होता, सर."

चौरसियांना मराठी बोलता येत नव्हतं, समजत होतं, आणि हे तर पुरतं समजलं. ते म्हणाले, प्रयोग पुन्हा होईल. या वेळी मनावर गावाला, ओळखीच्या एका फार्मवर. वाढणारा दुसरा कुणी नको, योगेंद्रने स्वतः वाढायचं. घरी पत्ता द्यायचा नाही. साध्या कप्प्याला साधंच मिळतंय की नाही ते बघायला ते स्वतः येतील. "तुम किरकिरे लोगों का मुझे भरोसा नहीं."

मे महिन्यात मनावरला प्रयोग सुरू झाला. घरी योगेंद्रने टूर आहे एवढंच सांगितलं. माईने कुठे म्हणून विचारलं नाही, डब्यात लाडू दिले. योगेंद्रने ते खोलीवरच ठेवले, फार्मवर नेले नाहीत.

पहिल्या आठवड्यातच साध्या कप्प्याची पोटं बिघडली. योगेंद्र सकाळी दोन घमेली घेऊन जाई. पूड घातलेलं डावीकडे ओती आणि साधं उजवीकडे, आणि उजवीकडे ओतताना समोरच्या भिंतीकडे बघे. असं बघून ओतल्याने खाद्य कधी कधी पिलांच्या डोक्यावर पडे. त्याने ती पद्धत सोडली नाही. एका पिलाला इंजेक्शन द्यावं लागलं, ते त्याने दिलं, त्याला बाजूला काढलं आणि तसं लिहिलं. बाकी कुणाला काही दिलं नाही.

शुक्रवारी चौरसिया आले. त्यांनी खाद्याची पोती पाहिली, घमेली हुंगली, योगेंद्रच्या खिशांकडेसुद्धा एकदा पाहिलं. सगळं चोख होतं.

"शाबास. अब कुछ खा लेते हैं."

वाटेत त्यांनी कचोऱ्या घेतल्या होत्या. सावली फक्त कप्प्यांच्या पत्र्याखाली होती, म्हणून दोघं तिथेच खुर्च्या टाकून बसले. योगेंद्रला सवय होती, त्याने पाठ केली. चौरसियांना सवय नव्हती. पुडा उघडला तशी डावी पिलं एकदा बघून झोपी गेली. उजवी सगळी जाळीला येऊन उभी राहिली. ओरडली नाहीत. नुसती बघत राहिली.

चौरसियांनी खुर्ची फिरवली. मग परत फिरवली.

"इनको सुबह खाना दिया था ना?"

"जी सर. साधं."

"और कुछ नहीं?"

"आपने ही मना किया था, सर."

"हां हां, ठीक है." त्यांनी एक घास घेतला आणि तो चावायचा थांबवला. "यार, ये छोटावाला खा नहीं रहा, बस देख रहा है."

"सर, भिंतीकडे बघा. जमतं."

चौरसियांनी भिंतीकडे बघून पाहिलं. योगेंद्र हात धुवायला नळावर गेला. तो परत आला तेव्हा पुडा रिकामा होता आणि चौरसिया रुमालाने बोटं पुसत होते. उजव्या कप्प्यातून कुरकुरीत काहीतरी मोडल्याचा आवाज येत होता.

"सर?"

"पूरी नहीं दी," चौरसिया म्हणाले. "सबको थोड़ी थोड़ी. बराबर बांटी."

योगेंद्रने रिकामा पुडा उचलून आत पाहिलं.

"इतने से क्या फरक पड़ता है?"

"तेच तर माहीत नाही, सर."

मग चौरसियांनी गाडीचं दार उघडलं आणि आत बसताना, योगेंद्रकडे न बघता, विचारलं, "लिखोगे?"

"लिहावं लागेल."

मनावरची वजनं जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. या वेळी डावी पिलं जड भरली, थोडीशी. योगेंद्रने अहवाल पूर्ण करून देवासला दिला. साध्या कप्प्याला मिळालेल्या जास्तीच्या खाण्याची नोंद त्यात एका ओळीत आहे: काय, किती, कुणी दिलं. पूड चालते की नाही यावर त्याने मत दिलेलं नाही; प्रयोग पुन्हा करावा आणि पिलांपासून दूर बसून जेवावं, असं सुचवलं आहे.

अहवाल पुढे जायला आणि योगेंद्र परमनंट व्हायला चौरसियांची सही लागते. काल संध्याकाळी ऑफिस बंद झालं तोवर ती झालेली नव्हती.