बिराजदार सरांचा तपासाचा तास

बिराजदार सरांना 'चहा झालाय' असं सांगितलं तरी ते जागचे हलत नाहीत. "कुणी बघितला?" असं विचारतात. शिपाईमामांनी, म्हटलं तर, "मामांनी सोता बघितला का त्यांना कुणी सांगितलं?" हा तपास पुरा होईपर्यंत चहावर साय धरते. मग तोच चहा पिऊन "गार हाय की हो, मॅडम" अशी तक्रार माझ्याकडे करतात. चहा मी केलेला नसतो, पण माझं टेबल त्यांच्या शेजारी आहे, एवढा माझा गुन्हा पुरतो.

चाकूरच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवतात आणि मी गणित. 'म्हणं' हा शब्द त्यांचा वैरी. "उद्या सुट्टी हाय म्हणं" असं कुणी म्हटलं की सर खुर्ची वळवतात. "म्हणं म्हणणारं कोण?" एका लग्नात जिलबी साजूक तुपातली आहे म्हणं, असं शेजारचा पाहुणा बोलून गेला. सर भरल्या ताटावरून उठून आचाऱ्याकडे गेले. परत आले तेव्हा जिलबी संपली होती. "डालडा हाय," त्यांनी आम्हाला विजयी चेहऱ्यानं सांगितलं आणि नुसता वरणभात खाल्ला.

असा माणूस मोबाईलच्या जमान्यात सुखी राहणं शक्यच नव्हतं. पोरं कुठल्याही वेबसाईटवरचं काहीही खरं मानतात, या काळजीनं ते झुरायला लागले. शेवटी मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्यांनी आठवीसाठी आठवड्याचा एक तास मिळवला. त्याचं टाचण त्यांनी इतक्यांदा लिहिलं आणि खोडलं, की आमच्या स्टाफरूममध्ये खोडरबराचा चुरा पायाला लागायचा. "पोरांच्या डोक्यात उतरंना, मॅडम. काहीतरी घरातलं पाहिजे."

घरातलं त्यांना सापडलं ते सोयरिकीत.

"पोरगी द्यायची झाली, तर पोराच्या बापाला इचारता का, तुमचं पोरगं कसं हाय म्हणून?" त्यांनी वर्गात विचारलं.

"न्हाई सर! तो चांगलंच म्हणणार!"

"मग कुणाला इचारता?"

शेजाऱ्याला, किराणावाल्याला, त्यांच्या गावात दिलेल्या आत्याला, अशी उत्तरं चारी बाजूंनी आली.

"मग वेबसाईट खरी का खोटी ते त्याच वेबसाईटला कामून इचारता? शेजारीपाजारी इचारा की!"

तेवढ्यात सानिया उभी राहिली. "सर, द्यायची कामून? पोरगी काय वस्तू हाय?" सर "बराबर" म्हणाले आणि त्यांनी टाचण पुन्हा खोडलं. आता टाचणात पोरगी स्वतःच स्थळाची चौकशी करायला निघते.

तेव्हापासून त्या तासाला वर्गात नुसता बाजार भरलेला असतो. "सर, ह्या वेबसाईटच्या घरी कोणीच न्हाई. नाव न्हाई, गाव न्हाई, नुसत्या केसाच्या तेलाच्या जाहिराती!" "मग जमवायची का सोयरीक?" "न्हाईऽऽ!" शेजारच्या वर्गात माझी समीकरणं या आरोळीनं कोलमडतात. म्हणून हा तास बंद करून गणिताला द्यावा, असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं तेव्हा मी मुळीच विरोध केला नाही. विस्तार अधिकारी येऊन एक तास बघतील आणि मग ठरेल, असं झालं. सरांची झोप उडाली. "हा तास गेला तर पोरं पुन्हा 'म्हणं'वर जातील," असं ते मला रोज सांगायचे.

त्या दिवशी अधिकारी मागच्या बाकावर बसले, मुख्याध्यापक आणि मी त्यांच्या शेजारी. घरी आलेला एक मेसेज धरून मुळापर्यंत जायचं, हा गृहपाठ होता. सानिया उठली. मेथीचं पाणी प्यालं की गुडघे कायमचे बरे होतात, असा तो मेसेज. तिच्या आजीनं आठवडाभर पाणी प्यालं. गुडघे होते तसेच आणि पोट मात्र बिघडलं. आजीला मेसेज किराणावाल्या काकूंकडून आला, काकूंना बिलोलीच्या बहिणीकडून, बहिणीला तिच्या गल्लीतल्या शांताक्कांकडून. शांताक्कांनी खाली स्वतःची ओळ घातली होती: 'माझ्या भावानं बघितलंय. मास्तर हाय.'

"म्हणून मी शांताक्कांना फोन करून भावाचं नाव इचारलं," एवढं बोलून सानिया थांबली.

सर रंगात आले होते. नावंगावं त्यांच्या कानात शिरलीच नसावीत. "थांबलीस कामून? माणूस सापडला का?"

"सापडला, सर."

"मग नाव सांग. कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई!"

"तुम्हीच, सर."

अधिकारी डोक्यावरचा पंखा बघत बसले. मला आधी हसू आलं आणि मग सरांचा चेहरा बघून फार वाईट वाटलं. तास गेलाच, असं त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तपास बराबर हाय," सर हळू म्हणाले. "पूर्ण मार्क." मग चष्मा काढून पुसत बोलले, "शांताक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आता बिलोलीत एकटी असती. सकाळी तिचा मेसेज येतो. मी वाचत न्हाई पोरांनो, नुसता आलाय का बघतो. आला म्हंजी अक्का उठली, चालती-बोलती हाय. मग 'लई छान' लिहून दोन फुलं धाडतो."

"पण सर, अक्कांना खरं सांगाया पाहिजे की," सानिया म्हणाली.

सरांनी तिथंच फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अक्का, ते मेथीचं खोटं हाय गं."

"असंल बाबा. लांबलचक असतंय, मी कुठं वाचते?"

"मग मला कामून धाडतीस?"

"तू फुलं धाडतोस की! त्याबिगर तुझी खबर कळती का मला?"

"आन माझं नाव कामून घालतीस?"

"भाऊ मास्तर हाय, ते लोकांला कळू नये का?"

पोरं खो खो हसली. अधिकारीही हसले. सर एकटेच डोळे पुसत हसत होते. जाताना अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांना बजावलं की हा तास बंद करायचा नाही. माझं गणित गेलं, आणि मला त्याचा आनंद झाला.

आता मेसेज बंद आहेत. रोज प्रार्थनेआधी सर फाटकापाशी उभे राहून अक्काला फोन करतात. काल वांग्याच्या भाजीत कूट किती घालावं यावरून बहीणभाऊ भांडत होते. प्रार्थना सुरू झाली तरी सर हलेनात. मी बोलवायला निघाले, तर मुख्याध्यापकांनीच मला हातानं थांबवलं. "असू द्या, मॅडम," ते म्हणाले, "अक्का बोलायल्यात."