एक घंटा मोटर

"काका, एक बटन दाबलं का सारी शाळा चालू! घंटा, पंखे, मोटर! तुमी नुसते पाहत राहा!"

असं छाती फुगवून सांगणारा मनोज वायरमन अकोल्याहून आला होता. आणि ज्यांनी नुसतं पाहत राहायचं ते होते बुधाजी, अचलपूरजवळच्या त्या शाळेचे शिपाई. एकतीस वर्षं घंटा त्यांच्याच हातची! शाळेच्या नव्या कामाचं उद्घाटन आणि बुधाजींची निवृत्ती, दोन्ही एकाच दिवशी आलं.

बुधाजींचं मागणं एवढंसं होतं. मुख्याध्यापिका साधना मॅडमना ते म्हणाले, "मॅडम, शेवटची घंटा मले वाजवू द्या."

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तो तर भंगारात पडलेला. मॅडम म्हणाल्या, "मग बटन तुम्हीच दाबायचं. शब्द आहे माझा."

बुधाजींनी त्यासाठी नवी टोपी आणली. बटन दाबायला नवी टोपी!

आता खरी भानगड ऐका. मनोजनं विचारलं होतं, पाण्याची मोटर केव्हा चालवता? बुधाजींनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'शाळा सुटली का एक घंटा मोटर.' म्हणजे तासभर हो! वऱ्हाडात तासाला घंटाच म्हणतात, अकोल्याच्या माणसाला ते कोणी शिकवायचं? पण चार दिवस घंटेच्याच तारा जोडून मनोजचं डोकं फिरलेलं. त्यानं घंटा वाजली की मोटर सुरू, अशी जोडणी करून टाकली! तिकडे परतवाड्याच्या प्लंबरनं भरल्या टाकीचं जास्तीचं पाणी सोडणारा पाइप काढला तो नेमका मंडपाच्या डोक्यावर. दोघं एकमेकांना एकदाही भेटले नव्हते.

कार्यक्रमाला पाणी कमी पडू नये म्हणून बुधाजींनी ऐन कार्यक्रमाआधी टाकी काठोकाठ भरली होती.

शाळा सुटायची वेळ झाली. बुधाजी टोपी सारखी करून पुढे आले. पण संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव भाषणाच्या रंगात आलेले! "आन् आता नव्या युगाची घंटा!" म्हणाले, आणि स्वतःच बटन दाबून मोकळे झाले. बुधाजींचा हात तसाच हवेत राहिला.

घंटा वाजली. दोनच मिनिटांत पंजाबरावांच्या फेट्यावर धो धो पाणी!

"मनोज, बंद कर!"

"बटनाची पेटी ओली झाली साहेब! हात कोण लावीन?"

पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन नाचत घरी पळाली. कोणीतरी खांबावरून लाइन बंद करेपर्यंत मोटर धूर सोडून गप्प झाली होती.

घंटा वाजली, शाळा सुटली, आणि बुधाजींचा कशालाच हात लागला नाही. फार लागलं त्यांच्या मनाला. ते भंगारात गेले, रुळाचा तुकडा ओढत आणला, लिंबाच्या फांदीला टांगला आणि रिकाम्या पटांगणात ठण ठण ठण वाजवत सुटले.

खिचडीचं पातेलं घासता घासता मैनाबाई धावत आली. "काहून वाजवून राहिले बुधाजी? लेकरं तं केव्हाचीच गेली!"

"लेकरं गेली वं. माही शाळा आता सुटली."

बुधाजी ओल्या टोपीत तोंड लपवून रडले. मैनाबाईनंही पदर डोळ्याला लावला. काय बोलावं तिला सुचेना, मग इतकी वर्षं रोज म्हणायची तेच तोंडून निघून गेलं.

"बरं, जाता जाता मोटर बंद करजा."

"ते तं मनोजनंच केली," बुधाजी म्हणाले, "कायमची."