चिमाबाईंची डावी भिवई

श्री. जो सर्वांची मुखे घडवितो आणि मुखामागे काय ठेविले ते कोणास कळू देत नाही, त्यास दंडवत घालून लिहिणार लिहितो. शके सोळाशे पंच्याहत्तर, श्रीमुख नाम संवत्सर, ते साली जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही, राजाचे लिहीत नाही, आणि आपले तर मुळीच लिहीत नाही. कारण पुढे कळेल. आम्ही त्या राज्यातील एका डोंगरी गडाचे सबनीस, म्हणजे गडावर जे बोलले जाईल आणि जे घडेल ते कागदी उतरवून ठेवणे हे आमचे काम. स्वभाव संशयी, हे आधीच कबूल करितो. कोणी रामराम केला तरी आज का केला आणि काल का केला नाही, ऐसे मनात येते आणि मग त्या दिवशी अन्न गोड लागत नाही.

ते साली माघमासी गनीम चार हजार जमाव घेऊन गडाखाली उतरला आणि वेढा घालून बसला. महाराजांची फौज दूर देशी गुंतली होती, मदत येण्याची आशा नाही. किल्लेदार सुभानजी वेढ्याचे दुसरे महिन्यात तापाने वारले, आणि मग त्यांचे कुटुंब चिमाबाई यांनी तेरावा होताच पदर खोचून गडाचा कारभार हाती घेतला. बाई शहाण्या, धीराच्या, हे खरे. परंतु त्यांचे मुखास एक खोड होती. बोलता बोलता डावी भिवई तांदळाएवढी वर जात असे आणि ओठांचा उजवा कोपरा किंचित आत मुडपत असे, आणि डोळे मात्र स्थिर राहत. हसू म्हणावे तर हसू नव्हे, आणि नव्हे म्हणावे तर पाहणारास आपलीच पगडी वाकडी आहे की काय ऐसे वाटून हात डोक्याकडे जाई. एके दिवशी आमचा कागद पाहून बाई म्हणाल्या, "सबनीस, आज अक्षर झोकात आहे," आणि भिवई वर गेली. ही तारीफ की थट्टा, याचा आम्ही आठ दिवस विचार केला आणि तीन लेखण्या बदलल्या.

चैत्र लागला आणि टाक्यांतील पाणी तळाशी गेले. अडीचशे माणूस गडावर, आणि माणशी दोन ओंजळी पाणी. हे खाली कळले तर गनीम स्वस्थ बसेल आणि आपण तहानेने दरवाजा उघडू, म्हणोन ही गोष्ट जिवापलीकडे जपावी ऐसे सर्वांनी बेलभंडार उचलून ठरविले. मग गनिमाकडून भवानपंत वकील बोलणे करावयास वर आले. पंत साठीचे, बारा दरबारांचे पाणी प्यालेले, समोरच्याचे मुख पाहून पोटातले ओळखणारे. बाईंनी पडदा बाजूस सारिला आणि समोर येऊन बसल्या. आम्ही मागे बसून लिहीत होतो, तेथून बाईंची पाठ समोर आणि मान वळे तेव्हा मुखही दिसे. इकडचे तिकडचे बोलणे जाहले आणि मग पंतांनी विडा हाती घेऊन सहज पुसावे तैसे पुसिले, "बाईसाहेब, उन्हाळा कडक आहे. टाक्यांत पाणी किती दिवसांचे?"

बाई म्हणाल्या, "दोन दिवसांचे, पंत. तिसरे दिवशी आम्हांस दरवाजा उघडून खाली यावे लागेल. तोवर तुम्ही बसावेच, असा आमचा आग्रह आहे." आणि डावी भिवई तांदळाएवढी वर गेली, ओठांचा कोपरा मुडपला.

जे जिवापलीकडे जपावयाचे ते बाईंनी पानसुपारीसारखे पुढे केले. पंतांनी बाईंकडे टक लावून पाहिले आणि म्हणाले, "आमची थट्टा करिता काय?" बाई म्हणाल्या, "तेरावा होऊन महिना झाला नाही, पंत. थट्टा कशी करू?" आणि पुन्हा तीच भिवई. मग पंत उठले तो विडा तेथेच विसरून गेले. दुसरे दिवशी दोन प्रहरी गनिमाने राहुट्या पाडिल्या, बैल जुंपिले आणि वेढा उठवून चालता जाहला. मागे राहिलेला त्यांचा एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांचा चाकर, आमचे हाती लागला, तो सांगू लागला की वकिलांनी सरदारास म्हटले, जी बाई हसून आपणहून बसा म्हणते, तिची फौज आपले पाठीवर दोन दिवसांत येते, यात संशय नाही.

गडावरील माणसे गडाखालील झऱ्यावर धावली आणि ढोपरभर पाण्यात बसून रडली, हसली. आम्हीही प्यालो. परंतु पाणी पोटात जाताच संशय वर आला. बाईंनी गडाचे गुपित शत्रूस सांगितले, हे आम्ही कानांनी ऐकिले. सांगूनही शत्रू गेला. मग आत काही ठरले असल्यावाचून गेला कैसा? तेव्हा आम्ही हुजूर एक पत्र लिहिले की किल्लेदारीण गनिमास फितूर आहे, चौकशी व्हावी. त्या राज्यात रिवाज ऐसा की फितुरी शाबीत जाहली तर फितुरास कड्यावरून लोटावे, आणि खोटी ठरली तर लिहिणारास लोटावे. म्हणोन नाव घातले नाही आणि अक्षर डाव्या हाताने काढिले.

महिन्याने बोलावणे आले. बाई पालखीत आणि आम्ही साक्षीदार म्हणोन तट्टावर, ऐसे राजधानीस गेलो. महाराजांचा दरबार संशयात आमचाही वडील. तेथे कोणी शिंकले तरी कोणाकडे तोंड करून शिंकले हे पाहत. महाराजांनी पुसिले, "पाण्याची गोष्ट तुम्ही सांगितली?" बाई म्हणाल्या, "सांगितली." "का सांगितली?" "खोटे सांगते तर पंतांनी ते ओळखले असते. खरे ओळखण्याची त्यांस सवय नव्हती." महाराज म्हणाले, "चेहऱ्यावर भुलून चार हजार फौज उठते, हे आम्हांस पटत नाही. तो चेहरा येथे करून दाखवा." बाई म्हणाल्या, "हुकुमाने येत नाही, महाराज. काही पुसावे, म्हणजे येईल." मग महाराजांनी आवाज चढवून पुसिले, "तुम्ही गनिमास फितूर जाहला काय?"

बाईंनी महाराजांकडे सरळ पाहिले. डावी भिवई वर गेली, कोपरा मुडपला. "जाहले, महाराज."

महाराज कितीक वेळ पाहत राहिले, मग दिवाणांकडे पाहिले, दिवाणांनी खाली पाहिले, आणि एक वृद्ध सरदार शेल्यात तोंड घालून हसला. महाराज म्हणाले, "कानांनी ऐकिले आणि तरी विश्वास बसत नाही. तेथे त्या वकिलाचा काय दोष?" मग बाईंस वस्त्रे दिली, गडाची सनद त्यांचे नावे करून दिली, आणि हुकूम केला की पत्र लिहिणारास बाईंनीच शोधावे आणि आपलेच गडावरून लोटावे. सर्व संतोष पावले. आमचे मनात मात्र आले की वकिलास त्या चेहऱ्याने सांगितले ते तर खरे होते. मग महाराजांस सांगितले ते काय? पण हे बोलावे कोणास, आणि बोलून आपण कड्याकडे एक पाऊल सरकावे कशास?

परतीची चार दिवसांची वाट. आम्ही विचार केला की बाई पुसतील ते नक्की, आणि नाही म्हटले तर ओळखतील. तेव्हा त्यांचाच डाव करावा. खरे सांगावे, पण त्या चेहऱ्याने, म्हणजे थट्टा समजतील. मग तट्टावर बसून पानाच्या डब्याचे झाकण आरशासारखे समोर धरिले आणि तीन दिवस भिवई उचलण्याचा सराव केला. भोयांनी पुसिले, दाढ दुखते काय, म्हणोन हो म्हटले. चौथे दिवशी घाटात पालखी टेकविली, भोई पाण्यास गेले, आणि बाईंनी जवळ बोलाविले.

"सबनीस, ते पत्र कोणी लिहिले असेल?"

आम्ही श्वास घेतला, ओठ मुडपला आणि म्हणालो, "मीच लिहिले, बाईसाहेब."

बाईंनी पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही भिवया वर गेल्या, सबनीस."

आम्ही वाटेवर धुळीत बसलो. सर्व कबूल केले, डावा हात पुढे करून दाखविला, बायको आहे, दोन मुली उजवायच्या आहेत, हेही सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि पुसिले, "काय पाहून लिहिले?" म्हटले, "आपले मुख पाहून." बाई म्हणाल्या, "त्या दिवशी लुगड्याच्या आत माझे गुडघे लटपटत होते. घरचा माणूस गेलेला, अडीचशे जीव तहानलेले, आणि दाखवायला तोंडाशिवाय जवळ काही उरले नव्हते. तुम्ही मागे बसला होता, तुम्हांस पाठ दिसत होती. पाठ कापत होती, ती नाही दिसली?" हे बोलताना भिवई हलली नाही. आम्हांस लाज वाटली. इतकी की जन्मात दुसऱ्या कशाची वाटली नाही. आम्ही पाठीकडे पाहिलेच नव्हते.

मग भोई आले, बाई पालखीत बसल्या आणि पडदा सोडता सोडता म्हणाल्या, "चला. आमचा तुमच्यावर राग नाही." आणि डावी भिवई तांदळाएवढी वर गेली.

येणेप्रमाणे वर्तमान. यास आज नऊ वर्षे होतात. आम्ही सबनीसच आहो, मुली उजवल्या, दर दसऱ्यास बाई स्वहस्ते विडा देतात. त्या राग नाही म्हणाल्या ते खरे की कैसे, हे आम्हांस ठाऊक नाही, आणि पश्चिमेच्या कड्याकडे, जेथून लोटतात, नऊ वर्षांत गेलो नाही. आज सकाळी दासी निरोप घेऊन आली की कड्यावरील तट ढासळला आहे, तो पाहावयास बाई आणि सबनीस दोघांनीच जावे. दासीस पुसिले, निरोप सांगताना बाईंचे मुख कैसे होते? ती म्हणाली, "नेहमीसारखे." म्हणोन हे लिहून ठेविले. आता दौत झाकून निघतो.