बंडगर मॅडमचे अधिकार

आमच्या ऑफिसातल्या पंख्याचा वारा खायचा अधिकार सगळ्यांना होता. रेग्युलेटर फिरवायचा फक्त बंडगर मॅडमना. कितीही उकडत असो, कुणी त्याला हात लावला की मागून आवाज यायचा, "कुणी दिला अधिकार?"

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. सांगलीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम मॅडम आणि मी बघायचो. मॅडम जत तालुक्यातल्या, मेंढपाळाच्या घरातल्या. शिकून इंजिनिअर झाल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, तिथल्याच विश्रामबाग भागात एकट्या राहायच्या. कंपनीच्या डेटाबेसमधलं कुणी काय वाचायचं आणि कुणी काय बदलायचं, हे त्याच ठरवायच्या.

एकदा खुद्द मालक आले. "मॅडम, मला सगळे अधिकार द्या. कंपनी कुणाची हाय?"

"तुमची. म्हणूनच देत न्हाई. तुमी नुसतं बघा. बदलायचं आमी बघतो."

मालक आधी हसले, मग चिडले, मग चहा पिऊन गेले. अधिकार काही मिळाले नाहीत.

पुढे साताऱ्याच्या शाखेत डेटाबेसची दुसरी प्रत ठेवायचं ठरलं. सांगलीत झालेली नोंद फोनच्या लाइनवरून आपोआप साताऱ्यात उतरणार होती. ही ने-आण करायला डेटाबेसमध्ये एक वेगळं खातं उघडावं लागे. डेटाबेस फुकटातला, परदेशी हौशी मंडळींनी बनवलेला. त्याच्या माहितीपुस्तकात खातं उघडायची आज्ञा होती, पण मांडणी अशी की आज्ञा पानाच्या तळाशी मधेच तुटलेली. 'अधिकार द्या' या पानावर आणि 'फक्त प्रत नेण्यापुरते' पुढच्या पानावर! पहिला तुकडाच टाइप केला, तरी मशीन मुकाट्यानं सगळे अधिकार देऊन मोकळं. साताऱ्याच्या शाखेतल्या जाधवांनी नेमकं तेच केलं.

"निरोप्याच्या हातात तिजोरीची किल्ली!" मॅडम कडाडल्या. जाधवांवर नव्हे, पुस्तकावर.

त्यांनी अधिकार काढून घेतले आणि लगेच पुस्तक लिहिणाऱ्यांना ईमेल धाडलं. डेन्मार्कच्या एका गृहस्थाचं उत्तर आलं, 'ही नुसती मांडणीची बाब आहे. सवडीनं पाहू.'

"नुसती?" मॅडमनी चष्मा सारखा केला. झालं, जुंपली! आज आज्ञा तुटल्याबद्दल, उद्या ठळक अक्षरांबद्दल, परवा समासाबद्दल. मी म्हटलं, "मॅडम, तो पार तिकडं डेन्मार्कात. सोडा की."

"का? सांगलीतला माणूस पुस्तक वाचत न्हाई व्हय?"

शेवटी त्या गृहस्थानं वैतागून लिहिलं, 'आपण फार भांडखोर आहात.' मॅडमनी उलट टपाली एकच शब्द धाडला, 'येस.'

असं कित्येक महिने चाललं. मग मॅडम अचानक रजेवर गेल्या. परतल्या त्या थेट खुर्चीत बसल्या आणि मोडेम लावला. डेन्मार्कवाल्याचं ईमेल आलेलं होतं. पान दुरुस्त झालं होतं, आज्ञा एका ओळीत आली होती. मी अभिनंदन करणार, तोच खालची ओळ दिसली, 'बरेच दिवस तुमचं भांडण आलं नाही. सगळं ठीक आहे ना?'

मॅडमनीही ती ओळ वाचली.

"ह्यो कोण टिकोजी लागून गेला विचारणारा?" त्या पुटपुटल्या. कीबोर्ड पुढे ओढला, पुन्हा मागे सारला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आवं, 'आई वारली' हे इंग्रजीत कसं लिवायचं?"

कसेबसे धीराचे दोन शब्द काढले आणि म्हटलं, "'पास्ड अवे' लिहितात."

"असलं आडून आडून नको. सरळ सांगा."

"मग 'डाइड'."

त्यांनी तेवढंच टाइप केलं. मग आपणहून लिहू लागल्या: आईनं जन्मभर मेंढरं राखली. कॉम्प्युटर कधी बघितला नाही. गावी गेलं की दर खेपेला विचारायची, तू तिथं करतीस तरी काय गं? मी म्हणायची, तुझंच काम. राखण.

ईमेल गेलं. मी चहा आणून ठेवला. मॅडमनी कपाला हात लावला नाही. लाइनचं बिल चढेल म्हणून त्या एरवी मोडेम लगेच बंद करत. आज चालूच ठेवला.

"डेन्मार्कात आता किती वाजलं असतील वो?" त्यांनी विचारलं.