बिडाच्या तव्याचा वेढा

श्री चुलीस वंदन, लोण्यास मुजरा, आणि ऐकणारांचे पोटी सदा समाधान असो. मोठमोठ्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाले. कोणी किल्ले लिहिले, कोणी तह लिहिले, परंतु ज्या रणांगणी पीठ उडते आणि धूर डोळ्यांत जातो, त्याची दखल दफ्तरी कोणी घेतली नाही, सबब हे लिहिणे प्राप्त जाले. यांत पदरचे मीठ घातले आहे ते चवीपुरतेच.

हकीकत ऐसी जे, स्वीडन मुलखी, उत्तरेस नॉरलँड प्रांती, तळ्याचे काठी लाल फळ्यांचे एक घर होते, आणि त्या घराचे धनी राजश्री ट्यूरेराव, पूर्वी लाकडाचे वखारीत कारभारी, हल्ली पेन्शनीत, स्वभावें बहुत सज्जन, परंतु घरांत दोन माणसांचे आवाज चढले की लाकडे फोडावयास जाणे हाच त्यांचा एकमेव युद्धप्रकार. त्यांशी उतारवयांत मारीताबाईंनी, त्या मुलखाचे रिवाजाप्रमाणे लग्नाचा बोभाटा न करतां, बिऱ्हाड एक केले. बाईंची हयात शहरी दातांचे दवाखान्यांत गेली, तेथे हत्यारे उकळणे, पुसणे आणि चकचकीत ठेवणे हे काम, सबब जे दिसेल ते धुवावे ही बाईंची सवय हाडीं खिळलेली.

आतां त्या घराची खरी किल्लेदारीण म्हणाल तर ट्यूरेरावांची थोरली बहीण गुनवोरबाई. तळ्यापल्याड त्यांचे स्वतंत्र घर, परंतु आई निवर्तली तेव्हांपासून दर उन्हाळी गुरुवारीं मोपेडवर स्वार होऊन त्या येत आणि भावाचे चुलीचा ताबा घेत. गुरुवारीं पिवळ्या वाटाण्याचे दाट सार आणि मागून पातळ पॅनकेक, हा त्या मुलखाचा जुना शिरस्ता, पलटणींत चालतो तोच घरांत चालतो. पॅनकेक म्हणजे आपल्याकडील घावनाचा गोरा चुलतभाऊ समजावा. ते घालावयाचा बिडाचा तवा आजीपासून चालत आलेला, काळाकुळकुळीत, आरशासारखा गुळगुळीत, आणि आईमागे त्यास गुनवोरबाईंवांचून कोणी हात लाविला नव्हता.

मारीताबाई मदतीस उठूं लागल्या की गुनवोरबाई मान न वळवतां हुकूम सोडीत, "तू बस गं. पाहुणी आहेस." हे शब्द मधाहून गोड आणि तटाहून उंच. तलवारीस ढाल आहे, तोफेस खंदक आहे, परंतु या वाक्यास उतारा कोणत्याही शास्त्रांत नाहीं. बाई बसत. मागील उन्हाळा बसून गेला. या उन्हाळ्याचा अर्धा बसून गेला. मग बाईंचे मनीं आले की, हिवाळ्यांत आपण या घरचे बर्फ उपसतो, छपराची गळती काढतो, ट्यूरेचे गुडघ्यास मलम लावतो, आणि उन्हाळा आला की पुन्हा पाहुणी. आज चूल सर केली तर हे घर आपले, नाहींतर जन्मभर पाहुणीची खुर्ची. ऐसा निश्चय करून जुलै मासीं एका गुरुवारीं सकाळीं ट्यूरेरावांस कॉफीवर मसलतीस बोलाविले.

"आज पॅनकेक मी करणार."

"हं. गुनवोरला सांगितलंस?"

"तू सांग. बहीण तुझी आहे."

ट्यूरेरावांनी खिडकींतून आभाळ पाहिले, कॉफी पाहिली, आणि म्हणाले, "पाऊस येईलसं दिसतंय. लाकडं आत घ्यायला हवीत." आणि गेले. कुमकेची आशा तेथेच संपली.

मग मारीताबाईंनी एकटीने मोहीम मांडली. मैद्यांत आधीं थोडेंच दूध घालून गुठळ्यांचा बंदोबस्त केला, मग अंडीं, मग उरलेले दूध, मग मीठ, मग पातळ केलेले लोणी, आणि पीठ झांकून विसाव्यास ठेविले. येथवर सर्व यथास्थित. परंतु होणारास उपाय नाहीं. बाईंनी तवा खालीं काढिला, त्यावरील काळी पुटे पाहिलीं, आणि मनीं आणिले की आपले हातचा पहिला दिवस, तवा स्वच्छ असावा. आणि साबण घेतला. आणि काथ्या घेतला. आणि तीन पिढ्यांची चरबी, लोणी, गुरुवार आणि पुण्याई ऐसी घांसून काढिली की बीड उघडे पडून चांदीसारखे लखलखले, आणि बाई आपल्या कामावर बहुत खूष जाल्या.

चुलींत लाकूड पेटले, तवा तापला, लोणी पडले, पिठाची पहिली पळी सोडिली. आणि पॅनकेकाने तव्यास ऐशी मिठी मारिली की आईस लेकरूहि मारीत नाहीं. उलथणें घातले तों तुकडा आला. दुसरा घातला, त्याच्या चिंध्या जाल्या. तिसऱ्याचा चिवडा जाला. घरचा वृद्ध कुत्रा मुर्रे, जो पूर्वी हरणांच्या मागे धांवत असे आणि हल्ली केवळ पंगतीमागे धांवतो, तो चुलीपाशीं येऊन बसला आणि पडेल ते पावन करूं लागला. त्या दिवशीं मोहिमेंत प्रथम लाभ जाला तो त्यालाच.

ट्यूरेराव लाकडे घेऊन आंत आले, तवा पाहिला, आणि लाकडे हातांतच राहिलीं.

"हा चमकतोय," ते म्हणाले.

"धुतला मी."

"पाण्यानं ना?"

"साबणानं."

त्या प्रांतींचे लोक होकार द्यावयाचा तर शब्द खर्चत नाहींत, ओठ मिटते घेऊन श्वास आंत ओढतात. ट्यूरेरावांनीं तसा श्वास ओढिला, पण तो होकार नव्हता, ती दहशत होती. "मी अजून थोडी लाकडं आणतो," म्हणोन उलट पावलीं निघाले, आणि तेव्हांच बाहेर मोपेडीचा फटफटाट जाला.

गुनवोरबाई आल्या. डोकीस शिरस्त्राण, हातीं बादली, बादलींत रानच्या ब्लूबेरी काठोकाठ, वरून फडका बांधलेला. त्या कोठून आणिल्या हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. बेरीची जागा आणि मृत्युपत्र ही दोन त्या मुलखांत जिवंतपणीं कोणी सांगत नाहीं. बाईंनीं बादली ठेविली, नाक वर केले, जळल्या पिठाचा वास घेतला, आणि चुलीकडे पाहिले. मुर्रेने चावणे थांबविले.

"तवा धुतलास," गुनवोरबाई म्हणाल्या.

"हो."

"साबणानं."

"काथ्यानंसुद्धा."

"काथ्यानंसुद्धा," गुनवोरबाईंनी जड आवाजांत पुन्हां म्हटले, जैसे कोणी रणांत पडलेल्यांची नांवे वाचावीं. मग शिरस्त्राण काढिले, बाह्या सारल्या, उलथण्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "असू दे. होतं असं. आण इकडे, मी बघते. तू बस, पाहुणी आहेस."

येथे खरा बाका प्रसंग. मारीताबाईंचे डोळे भरले, त्यांत धूर किती आणि दुःख किती हे ठरविणे कठीण. चूक आपली, तवा त्यांचे आजीचा, न्याय सर्व त्या बाजूस. उलथणें देऊन खुर्चींत बसावे तर सर्व गोड होईल, आणि सर्व संपेल. बाईंनीं उलथणें पाठीमागे लपविले.

"नाही देणार," त्या म्हणाल्या. "मी बिघडवलाय, मीच नीट करणार. कसा ते तुला ठाऊक आहे, मला नाही. तर तू बस आणि सांग."

"मी बसू?"

"ती खुर्ची चांगली आहे. मी दीड उन्हाळा तिच्यातच काढलाय."

गुनवोरबाईंनीं भावाकडे पाहिले. भाऊ दारांत लाकडांचा भारा छातीशीं धरून खांबासारखा उभा, न आंत न बाहेर. मग काय मनीं आले देव जाणे, त्यांचे गुडघे दुखत होते हेंहि असेल, पण त्या बसल्या. त्या खुर्चींत त्यांस बसलेले मनुष्यप्राण्याने पाहिले नव्हते.

मग खुर्चींतून फर्माने सुटूं लागलीं. हुकूम जाला कीं, तव्यावर जाडे मीठ ओतावे आणि तपकिरी होईतों तापवावे, मग कागदाच्या बोळ्याने घासून टाकावे; तसे केले. हुकूम जाला कीं, डुकराच्या मांसाची चरबीची साल घेऊन तवाभर रगडावी, धूर निघेतों थांबावे, पुसावे आणि पुन्हां रगडावी. तसे केले, आणि पुन्हां केले, आणि हातास चटका बसला तरी केले. धूर ऐसा मातला कीं तह करून खिडकी उघडावी लागली, आणि खिडकी उघडतांच तळ्याकडील डासांची फौज आंत घुसली, म्हणजे एक आघाडी होती तेथे दोन जाल्या. ट्यूरेरावांस वर्तमानपत्र देऊन डासांवर नामजद केले, आणि त्यांनीं, लाकडांहून बरे काम मिळाले म्हणोन, मर्दुमकीची शर्थ केली.

मधल्या वेळांत गुनवोरबाईंनीं पिठाचे भांड्यांत बोट बुडवून चाखिले.

"पीठ बरंय. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. तुझ्या पाठीमागे बसून दुसरं बघण्यासारखं काय होतं?"

गुनवोरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथून तळं दिसतं."

"दिसतं ना."

"मला माहीतच नव्हतं." आणि खरेंच, चुलीकडे तोंड म्हणजे तळ्याकडे पाठ, इतकीं वर्षें. "आमची आईसुद्धा कधी बसली नाही इथं," इतकेच बोलून त्या बेरी निवडूं लागल्या, पाने एकीकडे, बेरी एकीकडे.

इकडे तवा हळूहळू काळवंडूं लागला होता. मारीताबाईंनीं लोणी सोडिले, तें हांसले. पिठाची पळी सोडिली, तवा मनगटाने गरकन फिरविला, आणि पीठ कडेपर्यंत पातळ पसरले. कोणी श्वास घेईना. कडेस जाळी पडली, ती तांबूस जाली. "अजून नाही," खुर्चींतून हुकूम आला. "अजून नाही. थांब गं. आता." उलथणें आंत गेले, आणि पॅनकेक तव्यावरून ऐसा सुटला जैसा पाण्यावरून हंस. बाईंनीं उलटला. अखंड होता. मुर्रे निराश होऊन दाराबाहेर गेला.

मग एकामागून एक ऐसे पॅनकेक उतरले, पलीकडला हात दिसावा इतके पातळ, आणि ताटांत थर जाला. आदले दिवशींचे सार ऊन करून आधीं वाटीभर नांवापुरते घेतले, आणि मग पॅनकेकांत साखरेने ठेचलेल्या ब्लूबेरी घालून, वर घुसळलेल्या सायीचा गोळा ठेवून, गुंडाळून तिघे जेवले. ओठ निळे, दांत निळे, ट्यूरेरावांची मिशीहि निळी. गुनवोरबाईंनीं पहिला घांस बराच वेळ चावला. ट्यूरेराव आणि मारीताबाई तोंडाकडे बघत बसलीं. अखेर गुनवोरबाईंनीं ओठ मिटते घेतले आणि श्वास आंत ओढिला. बस्स, तितकेच. नॉरलँड प्रांतीं याहून मोठी पदवी नाहीं.

शेवटीं ताटांत एक पॅनकेक राहिला. आतां त्या मुलखाचा कायदा असा कीं शेवटचा तुकडा कोणी उचलूं नये. उचलील तो हावरा. म्हणोन गुनवोरबाईंनीं त्याचा अर्धा कापून घेतला, मग ट्यूरेरावांनीं राहिल्याचा अर्धा, मग मारीताबाईंनीं त्याचा अर्धा, आणि ऐसी सुरीची फेरी चालतां चालतां नखाएवढा तुकडा उरला आणि कोणी त्याकडे बघेना. ऐसे तुकडे त्या घरीं दर गुरुवारीं ताटांत वाळत आणि सकाळीं पांखरांस जात.

गुनवोरबाईंनीं ताट मारीताबाईंपुढे सरकविले.

"घे, संपव."

"मी कशी घेऊ? शेवटचा आहे."

"पाहुण्यानं घ्यायचा नसतो," गुनवोरबाई शिरस्त्राणाचा पट्टा बांधीत म्हणाल्या. "घरच्या बाईनं ताट पुसून घ्यायचं असतं. तेवढंही मीच सांगू का?"

मारीताबाईंनीं तो तुकडा उचलिला आणि खाल्ला. थंड होता, कडेस जरा करपला होता, आणि त्यांनीं तो बहुत वेळ तोंडांत ठेविला.

येणेंप्रमाणे चूल सर जाली. तवा जायबंदी परंतु बचावला. शत्रुपक्ष पोटभर जेवून मोपेडवर सुखरूप परतला. आपले पक्षीं एक बोट भाजले, डास बेसुमार कामास आले. नॉरलँड प्रांतीं, जुलै मासीं, गुरुवारीं, हवा ढगाळ असतां, शेवटचा तुकडा मारीताबाईंचे नांवें दाखल जाला. लिहिणाराचे हात बेरींनीं चिकट जाले, सबब मोर्तब निळ्या आंगठ्याचे.