घुमटावर घमेलं

मेश्रामभाऊंच्या गच्चीवर जायचं तर चप्पल खाली काढायची, आवाज खाली ठेवायचा, आणि छत्री? छत्रीचं नावच काढायचं नाही! "वरून उपग्रह पाहून राह्यले ना बाप्पा! मधात काऊन येता?"

गच्ची खरं तर आमच्या ब्रह्मपुरीच्या भूमापन कार्यालयाची. तिथे सिमेंटचा खांब आहे, खांबावर पांढरा घुमट. उपग्रहांचे संदेश तो रात्रंदिवस टिपतो. त्यांवरून आम्ही शेतांच्या हद्दी बोटभरही न चुकता मोजतो, आणि भूकंपात जमीन सरकली तर तेही कळतं. भाऊ त्याचे कंत्राटी राखणदार. "राखणदार नाई, पालक म्हणा," असं ते बजावतात.

शेजारणीने गच्चीवर मोहफुलं वाळत घातली, भाऊंनी ती उचलून तिच्या दारात नेऊन ठेवली. माकडांशी भांडण रोजचं, तेही नाव घेऊन. "ए ठेकेदार, उतर खाली!" एकदा आमचे साहेब खांबाला टेकून फोटो काढत होते. भाऊ ओरडले, "सर, तुमच्या वजनानं जिल्हाच हालून जाईन ना!" साहेब टुणकन बाजूला. मी पोट धरून हसलो.

मार्चात गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा! भाऊ लोखंडी घमेलं घेऊन वर धावले आणि अर्धा तास ते घुमटावर पालथं धरून उभे राहिले. उपग्रहांना दिसणार काय, कप्पाळ! मुख्यालयातल्या पडद्यावरून आमचा घुमट गायब. साहेब भडकले, "हा माणूस उद्याच बदला."

दुसऱ्या दिवशी मुख्यालयातल्या बाई चौकशीला थेट गच्चीवर आल्या. भाऊ डोक्याला गमछा गुंडाळून घुमटापाशी उभे. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

"चुकलो बाई. पण मले काढू नका. बायको गेल्यापासून घरी बोलाले कोणी नाई. इथी येतो, काय शिजवलं ते याले सांगतो. हा आयकते."

बाईंनी विचारलं, "घमेलं घुमटावर होतं. मग तुमच्या डोक्यावर काय होतं?"

भाऊंनी गमछा सोडला. कपाळावर तीन टाके.

बाईंनी चौकशीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "पुढच्या गारपिटीत घमेलं स्वतःच्या डोक्यावर धरायचं. हा हुकूम आहे."

"अन् याच्या डोक्यावर?" भाऊंनी विचारलं, आणि लहान पोरासारखे हमसून रडले.