टार्निटची रुसूबाई

इकडे परदेशात, आमच्या टार्निट उपनगरातल्या मिलिंददादांची गाडी कधी बिघडत नाही. ती रुसते. "बंद पडली का हो?" असं तुम्ही चुकून विचारलंत, तर लेकीला नावं ठेवल्यासारखे दादा तुमच्याकडे बघतात.

गाडी म्हणजे लाल, दोन सीटची, वीसेक वर्षांची स्पोर्ट्स कार. आमच्या स्ट्रीटवर सगळ्यांच्या सात सीटच्या गाड्या, त्यात ही एकटी नटवी. हिच्यात एका वेळी नवरा-बायको बसतात, नाहीतर नवरा आणि तांदळाची गोणी.

दर शनिवारी सकाळी दादा ड्राइव्हवेत बॉनेट उघडून उभे.

"जय भीम, दादा! आज काय?"

"कूलंट प्यायली गं सगळं. उन्हाळा बाधतो तिला."

कधी टायमिंग बेल्ट, कधी ब्रेक पॅड, कधी छताचं रबर. पार्ट जपानहून येणार, आणि तोवर दादा ट्रेनने ऑफिसला जाणार. सुषमावहिनी म्हणतात, "माझ्या दाढेला कॅप बसवायची होती, ह्यांनी गाडीला रेडिएटर बसवला!" आणि वर स्वतःच ड्राइव्हवेत चहा नेऊन देतात.

त्यात सर्व्हिसिंग डँडेनॉन्गच्या निकोकडेच. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तासाभराचा रस्ता! वाटेत गॅरेजं काय कमी आहेत? पण "त्याच्या हाताला गुण आहे," हे दादांचं ठरलेलं उत्तर. वहिनींच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा हा माणूस निकोकडे! मी डबा घेऊन हॉस्पिटलात आणि हे गॅरेजात. माझं टाळकंच सटकलं होतं. अजूनही आठवलं की सटकतं.

परवा मला डँडेनॉन्गहून मसाले आणायचे होते, म्हणून त्यांच्याबरोबर निघाले.

"आज कशावरून रुसली?" मी विचारलं.

"छे, अगदी खुशीत आहे."

"मग चाललोय कशाला?"

दादांनी रेडिओचा आवाज वाढवला.

गॅरेजचं शटर खाली. निको सुट्टीवर गेलेला. दादा मटकन फुटपाथवरच बसले.

"अहो, नो वरीज! पुढच्या आठवड्यात येऊ की."

"उद्या सुषमाचं स्कॅन आहे गं."

मग सगळं बाहेर आलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा इथल्या, तेव्हाच्या ऑफिसातून हॉस्पिटलात निघाले आणि गाडी तापली. कशीबशी निकोकडे आणली. त्याने आत डोकावून पाहिलं, बॉनेट लावलं, वर थाप मारली आणि म्हणाला, "शी विल बी राइट, मेट." होईल सगळं ठीक. इकडची माणसं गाडीलाही 'शी' म्हणतात, हे दादांना काय ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात 'शी' एकच होती. त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. रेडिएटरसाठी रडणारं गिऱ्हाईक निकोने पहिल्यांदाच पाहिलं असणार.

"आणि झाली ना गं बरी सुषमा," दादा म्हणाले. "तेव्हापासून स्कॅनच्या आदल्या दिवशी त्याच्या तोंडून तेवढं ऐकून येतो. हसू नकोस."

हसते कसली! मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हटलं, "शी विल बी राइट, दादा."

दादांनी नाक पुसलं. "असं नाही. तो आधी थाप मारतो."

मी त्या नटवीला चांगल्या दोन थापा मारल्या, आणि पलीकडच्या फुटपाथला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा पुन्हा म्हटलं.